ली झिचेंगचे बंड चांदीच्या हिशेबातून उभे राहिले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चीनमधला बंडखोर ली झिचेंग याच्यावरचा लेख वाचला. खानदेशातल्या वर्तमानपत्राने या माणसाची दखल घेतली याचा आनंद झाला. पण ‘टपालातला नोकर दरोडेखोर झाला आणि एका गायिकेपायी गादी गमावून बसला’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे आम्हाला पटले नाही. त्याचे बंड चांदी आणि धान्याच्या हिशेबातून उभे राहिले आणि त्याच हिशेबात अडकून बुडाले.

ली १६०६ साली चीनच्या शेन्शी प्रांताच्या उत्तर भागातल्या मीझी तालुक्यात जन्मला. भुसभुशीत पिवळ्या मातीचा, घळींनी चिरलेला हा कोरडवाहू मुलूख. खाणे मुख्यतः राळ्याचे. १६२८ साली तिथे पाऊस झालाच नाही. मा माओत्साय या त्याच भागातल्या अधिकाऱ्याने पुढच्या वर्षी बादशहाला अर्ज धाडला. त्यात क्रमाने लिहिले आहे: आधी लोकांनी डोंगरावरच्या रानगवताचे बी खाल्ले, कोंड्यासारखे आणि कडू. मग झाडांच्या साली, त्यातल्या त्यात आपल्या वावळ्याच्या कुळातल्या झाडाची बरी. वर्ष सरता सरता सालीही संपल्या, तेव्हा डोंगरातला एक मऊ दगड खणून खाऊ लागले. थोड्यानेच पोट भरे, पण काही दिवसांत ते फुगून माणूस मरे.

बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांवर लागली. मिलोची भाकरी कशीबशी गिळली, पण हाती मजुरी पडली म्हणून गावे तगली. चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या दरबाराने नेमके याच्या उलट केले. १६२९ मध्ये चोंगझेन बादशहाने खर्च वाचवायला सरकारी टपालाची ठाणी कमी केली. निरोपे, मोतद्दार, घोडे सांभाळणारे सगळे घरी बसले, आणि तेही दुष्काळी मुलखात. ली त्यातलाच एक. घोड्यावर बसणारा, वाटा पाठ असलेला जवान माणूस उपाशी सोडला, तर बंडवाल्यांना आणखी काय हवे?

त्यात सारा. ईशान्येकडच्या मांचू लोकांशी लढाईसाठी १६१८ पासून जमिनीवर जादा पट्टी बसली आणि दोन वर्षांत ती दर मू नऊ ‘ली’ झाली (हे ‘ली’ चांदीचे एक बारीक वजन). एक मू म्हणजे साधारण सहा गुंठे. आपल्या एकराला हिशेब केला तर सव्वादोन ग्रॅमच्या आसपास चांदी. आकडा किरकोळ वाटतो, पण मेख वेगळीच आहे. पट्टी पिकावर नव्हती, दप्तरात नोंदलेल्या जमिनीवर होती. ती चांदीत भरायची, म्हणून शेतकऱ्याने सुगीतच पडत्या भावाने धान्य विकायचे. आणि जे गाव सोडून पळाले त्यांचा वाटा मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर, म्हणून मागचेही पळत. मा माओत्सायच्या अर्जात हेही आहे. पुढे १६३७ आणि १६३९ मध्ये आणखी दोन पट्ट्या आल्या, त्यातली पहिली तर खुद्द बंड मोडण्यासाठी.

ली आधी गाओ यिंगशियांगच्या टोळीत होता. १६३६ मध्ये गाओ पकडला जाऊन मारला गेला, तेव्हा त्याची ‘छुआंग वांग’ ही पदवी लीकडे आली. धडक मारणारा राजा असा तिचा अर्थ. १६३८ मध्ये त्याची पुरती धूळधाण झाली. पण १६४० मध्ये तो दुष्काळी हेनान प्रांतात शिरला आणि माणसे आपणहून येऊन मिळू लागली. ‘छुआंग वांगचे स्वागत करा, सारा भरू नका’ हे बोल पोराटोरांच्या तोंडी होते. १६४१ मध्ये तिथले लोयांग शहर पडले. तिथल्या राजपुत्राला बादशाही कृपेने वीस लाख मू जमीन मिळालेली, म्हणजे तीन लाख एकर! लीने त्याला ठार केले आणि कोठारे भुकेल्यांना उघडून दिली.

चूक इथूनच सुरू होते. सारा माफ करायचा तर लाखांच्या फौजेला खायला कुठून घालायचे? कोठारे फोडून. म्हणजे रोज नवे शहर हवे. वसुलीची शिस्तशीर घडी बसलीच नाही. २५ एप्रिल १६४४ रोजी बीजिंग हाती आले आणि चोंगझेनने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. आता फोडायला पुढचे कोठार नव्हते. तेव्हा सेनापती ल्यू झोंगमिनने जुन्या अधिकाऱ्यांना लाकडी चापात आवळून चांदी उकळायला सुरुवात केली. दर हुद्द्याप्रमाणे ठरलेले, वरिष्ठ मंत्र्याला एक लाख टेल. एक टेल म्हणजे तीन तोळ्यांहून थोडी जास्त चांदी. सीमेवरचा सेनापती वू सानग्वे याचा बापही बीजिंगमध्ये त्यांच्या ताब्यात होता. असे असता वू शरण का येईल? त्याने शानहाय खिंड मांचूंना उघडून दिली. २७ मे रोजी लीचा तिथे पराभव झाला. वूची आवडती गायिका छेन युआनयुआन लीच्या माणसांनी बळकावली म्हणून तो उलटला, ही गोष्ट रंगतदार आहे, पण राज्य बुडवायला एवढी कारणे पुरेशी होती.

हे आम्ही खानदेशातून आवर्जून लिहितो, कारण शिरपूरहून सेंधव्याकडे जाणारा घाट आमच्या रोजच्या वाटेवर आहे. याच घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकाने १८५७ मध्ये आग्रा रस्त्यावर इंग्रजांचा सात लाखांचा खजिना अडवला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला त्यांच्याशी लढाई दिली. सरकारी रस्त्यावर राबणारी माणसे सरकारविरुद्ध का उठतात, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. त्यालाही सरकारी कागदांनी दरोडेखोरच ठरवले होते. आपल्या पुरवणीने तोच शब्द लीसाठी उचलावा याचे वाईट वाटले.

एक दुरुस्तीही छापावी. लेखात ‘बीजिंगच्या सिंहासनावर चाळीस दिवस’ असे आहे. ली शहरात जवळपास तेवढे दिवस होता हे खरे, पण तिथे राज्याभिषेक झाला ३ जूनला, पराभवानंतर घाईघाईने. ४ जूनला त्याने शहर सोडले.

आपले,
इतिहासाचे काही वाचक
शिरपूर, जि. धुळे