सोन्याचं पहिलं कम्युनियन

दुबई,
16 मार्च 2025

प्रिय आई आणि बाबा,
जय येशू.

परवा फोनवर मी सांगितलं आणि आई "बरं" म्हणून गप्प झाली. आई, तुझं ते "बरं" मी ओळखते. कॉमर्स सोडून नर्सिंगला जाते म्हणाले होते तेव्हाही असंच "बरं" आलं होतं, आणि पुढचे दोन दिवस तू माझ्याशी जेवणापुरतंच बोललीस. म्हणून हे कागदावर लिहितेय. फोनवर मी आधी रडते आणि मग भांडते.

तर सोन्या पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणार, ते पहिलं कम्युनियन मे महिन्यात इथेच होणार, सेंट मेरीज चर्चमध्ये. नाव देऊन झालंय. तुम्हांला आधी विचारलं नाही, ते चुकलंच. विचारलं असतं तर बाबा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले असते, आणि ते मला ऐकवलं नसतं.

बाबांनी मनात सगळं मांडून ठेवलं होतं हे मला ठाऊक आहे. अंगणात मांडव, वाडीतला बँड, ज्या वेदीसमोर मी उभी राहिले तिथेच नातू. पण इथली शिकवणी दोन वर्षांची असते, ती त्याने इथे पुरी केली. जावयांना रजा मिळत नाही. शाळेच्या परीक्षा आहेत. ही सगळी कारणं खरी आहेत, तरी मनात असतं तर जमवलं असतं, हे तुम्हांलाही कळतं. सांगायचंच तर, सोन्याचं मराठी घरापुरतं आहे. मागच्या मे महिन्यात आपल्या चर्चमध्ये सगळी मुलं धडाधड उत्तरं देत होती आणि हा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्या दिवशी त्याने आजोळच्या चर्चमध्ये पाहुण्यासारखं उभं राहू नये, एवढंच मला वाटलं. यात तुमची काही उणीव नाही. असलीच तर माझी आहे.

बाबा, रागावू नका, पण तुमचं कम्युनियन 1961 सालचं. तेव्हा चर्चमधली उपासना, मिस्सा, लॅटिनमध्ये होती. अजूनही अंघोळ करताना तुमच्या तोंडून "एत कुम स्पिरितु तुओ" निघतं आणि अर्थ विचारला की तुम्ही हसता. मराठी मिस्सा तुमच्यापेक्षा वयाने लहान आहे. परक्या भाषेतल्या कम्युनियनने तुमचं काय अडलं?

आणि 1964 च्या डिसेंबरची तुमची गोष्ट! आजोबांचा हात धरून पोप सहावे पॉल यांना बघायला मुंबईला, ओव्हल मैदानावर. आम्ही ती इतक्यांदा ऐकली की ताई पुढचं वाक्य आधीच म्हणायची. पोपपेक्षा तुम्हांला ती जगभरची माणसं जास्त आठवतात. बाबा, इथे दर रविवारी तसंच असतं. एका अंगणात, एकामागून एक, इंग्रजी, मल्याळम, कोंकणी, तमिळ, टागालोग, अरबी मिस्सा. आधीच्या मिस्सेतले बाहेर पडतात आणि पुढचे दारात उभेच असतात. ही जागा दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी दिलेली, चर्च 1967 पासून आहे. सध्या रमजान आणि आपला उपवासकाळ एकदमच आलेत. संध्याकाळी मुलांना शिकवणीतून आणताना अजान ऐकू येते आणि बाहेर रोजा सोडायची लगबग चालू असते. (2022 पर्यंत आमचा सुट्टीचा दिवस शुक्रवार होता, तेव्हा "शुक्रवारी कसली गं रविवारची मिस्सा" म्हणून आई चिडायची. आता तसं नाही, आई.)

इथे मला करमायला वेळ लागला, हे तुम्हांला कधी सांगितलं नाही. पहिली दोन वर्षं मागच्या बाकावर बसून घरी यायचे. जो तो विचारायचा, "गोव्याची का?" वसईची म्हटलं की पुढे काय विचारावं ते कुणाला सुचायचं नाही. आता त्याचं उत्तर सोन्याच देतो. त्याची शिकवणीची टीचर फिलिपिन्सची आहे. बाबा, तुम्ही त्याला संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट सांगितली होती ना, ती त्याने वर्गात उभं राहून इंग्रजीत सांगितली. वसईचा मुलगा, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. मनिलाचं नाव ऐकून टीचर खुर्चीवरून उठलीच. पुढच्या आठवड्यात तिने त्याला दुसऱ्या वर्गातही ती गोष्ट सांगायला नेलं. तो तिथे तुमचा नातू म्हणूनच उभा होता. आणि 2019 मध्ये पोप फ्रान्सिस अबूधाबीला आले, याला कडेवर घेऊन आम्ही रात्रीच बसने निघालो, तेव्हा 5 फेब्रुवारी ही गोन्सालोंच्या हौतात्म्याची तारीख हे तुमच्याच लक्षात आलं होतं.

एक गोष्ट लिहू की नको असं करत आज लिहिते. 2020 मध्ये बाबांना रात्री इस्पितळात नेलं, विमानं बंद, चर्चही बंद. ताईचा फोन येईपर्यंत मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होते. आमच्या रोझरीच्या चार बायका फोनवर आल्या. जपमाळेच्या पाच रहस्यांपैकी एकेकीने एकेक घेतलं. माझ्याबरोबर काम करणारी मनिलाची नर्स, त्रिशूरची, मंगळूरची कोंकणीत, लेबनॉनची अरबीत. पाचवं माझ्या वाट्याला. मी "नमो मरिया" म्हणायचे आणि उरलेलं अर्धं त्या आपापल्या भाषेत म्हणायच्या, कुणाचं आधी संपायचं, कुणाचं मागाहून. नंतर ताईचा फोन आला, स्टेंट बसला म्हणून. आई, तू विचारतेस ना, तिथे आपलं कोण आहे? त्या चौघी मे महिन्यात पहिल्या बाकांवर असणार आहेत. मला तुम्हांला त्यांच्याशेजारी बसलेलं बघायचंय.

म्हणजे तुम्ही येताय. मुंबईहून तीन तासांचं विमान. आई, तू फुलांची टोपली घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला उभ्याने जायचीस, त्याहून हे सोपं आहे. व्हीलचेअर सांगून ठेवेन, बाबांनी नको म्हणायचं नाही. बाहेर ऊन फार असेल, पण घरात आणि चर्चमध्ये थंड असतं. इतकं, की आईने शाल आणावी. भात तोच मिळतो, बोंबील मिळतात, नारळ मिळतो. चहाची पावडर तुझीच आण. तुमची खोली बाथरूमला लागून आहे आणि रात्री दिवा चालू ठेवेन.

तोवर नीट राहा. बाबा, उपवासकाळात उपाशी राहू नका. एकोणसाठ वर्षं पूर्ण झाली की चर्चनेच उपास माफ केलाय आणि तुम्ही बहात्तरचे आहात. शुक्रवारी मटण सोडा, तेवढं पुरे, साखरेची गोळी मात्र सोडायची नाही. पहाटेच्या मिस्सेला स्कूटरवरून जाणं बंद. शेजारचा रिक्षावाला आहे, त्याला मी पैसे पाठवलेत, परत करू नका. पोप फ्रान्सिस महिनाभर इस्पितळात आहेत आणि डॉक्टरांचं ऐकतायत, तुम्हीही ऐका. आई, डोळ्यांची तारीख पुन्हा पुढे ढकललीस तर मी ताईला तुझ्यासोबत पाठवेन.

आणि मांडव रद्द नाही. सुट्टीत आम्ही आलो की अंगणात घाला, बँड बोलवा, संध्याकाळी खुरसाजवळ, क्रुसापाशी, लादीनची प्रार्थना म्हणू. सोन्या आतापासून "हे आमच्या स्वर्गातील बापा" पाठ करतोय. "बापा"ला तो "पापा" म्हणतो, ते तुम्हीच सुधारा.

पासपोर्टचे फोटो या आठवड्यात ताईकडून पाठवा, व्हिसाचं मी बघते. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, इथे त्याशिवाय चालत नाही. निर्मळच्या जत्रेतली सुकेळी उरली असतील तर चार बांधा, चौघींना द्यायचीत. आई, तुला तिथे काय नेसायचं असं वाटत असेल, तर तुझं लाल लुगडंच नेस. साडी घेऊ नकोस.

माझ्या कम्युनियनची मेणबत्ती तुझ्या कपाटात वरच्या खणात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती आण. मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेव, मोडेल नाहीतर.

तुमची,
धाकटी