बडोद्यातलं घर मिळालं

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर नीट सांगताच आलं नाही, आई तू लगेच एवढं भाडं कशाला म्हणालीस आणि बाबा गप्पच बसले, म्हणून लिहितेय. घर दांडिया बाजारात आहे, आतल्या गल्लीत, तिसरा मजला, टू बीएचके, भाडं 16 हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं आणि करार 11 महिन्यांचा. नव्या एरियात पण पाच-सहा फ्लॅट बघितले होते पण एकटी मुलगी म्हटलं की ब्रोकरचा सूरच बदलायचा, एका ठिकाणी तर टोकन घेऊन परत केलं, त्या रात्री खूप रडले, तुम्हाला बोलले नव्हते. इथले घरमालक काका-काकू मराठी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, झोपाळ्याला हिंचका म्हणतात आणि भाजीला शाक, आणि काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, आई-बाबा कधी येणार?

बाबा, तुम्हाला आवडणार नाही ते आधीच सांगून टाकते. ही बिल्डिंग त्यांचा वाडा पाडून बांधलीय. भावाभावांत वाटण्या झाल्या, छप्पर गळायचं, दुरुस्ती कोणालाच झेपेना. सागवानाचा एक खांब तेवढा खाली लिफ्टजवळ उभा करून ठेवलाय आणि काका येताजाता त्याला हात लावतात. मी त्याआधी जवळच एक खराखुरा वाडा पण बघितला होता, दोन खोल्या, चौक, तुळस, भाडं निम्मं, माझं मन तिथेच अडकलं होतं, पण जिना इतका उभा की दोर धरून चढायचं आणि संडास खाली चौकात. तुमचा गुडघा आठवला आणि मी नाही म्हणाले. इथे लिफ्ट लाइट गेली तरी जनरेटरवर चालते, बाथरूममध्ये धरायला दांडा मी लावून घेतलाय. आणि आई, पाइपचा गॅस आहे, टाकी संपली म्हणून धावाधाव नाही.

पुराचं विचारत होतीस. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात घुसली होती, आजवा तलावाचं पाणी पण त्याच नदीत येतं, कितीतरी पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, म्हणून मी काका, वॉचमन आणि समोरचा किराणावाला तिघांना वेगवेगळं विचारलं. आपल्या गल्लीत घोट्यापर्यंत आलं होतं म्हणाले. तरी मुद्दाम वरचा मजला घेतला.

संध्याकाळी मी सूरसागर तलावापर्यंत चालत जाते. तांबेकर वाडा पण चालत जाण्यासारखा आहे, भाऊ तांबेकर 1849 ते 1854 इथले दिवाण होते, त्यांचा वाडा, आत भिंतीभर चित्रं, रंग उडत चाललेत पण अजून बघत राहावं अशी आहेत, काकांचा खांब बघितल्यावर ती बघताना मला जास्तच लागलं. आणि बाबा, मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे, 1910 ची, सयाजीरावांनी सुरू केलेली, मराठी पुस्तकं भरपूर. आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ, बाराव्या वर्षी 1875 ला इथे दत्तक आला आणि सयाजीराव झाला, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंय, लहानपणी कवळाण्याला नेलं पण होतं. मग त्याचं बडोदं तुम्ही अजून बघितलं नाही हे मला बरं वाटत नाही.

घर सोडून कसं यायचं, हे तुमचं नेहमीचं. मी कुठे घर विका म्हणतेय? दिवाळी तिकडेच करू, मग दोन महिने थंडीचे या, कुलूप लावा आणि किल्ली शेजारी मावशींकडे द्या, त्यांच्याशी मी बोललेय, तुळशीला पाणी घालतील. गणपतीतला आणि नवरात्रातला आवाज तोवर थांबलेला असेल, गल्लीत गाड्यांची गर्दी मात्र असतेच, ते खोटं नाही सांगणार.

आणि बाबा, तुमच्या पलंगाची उंची पट्टीने मोजून फोनवर सांगा, उठता-बसताना त्रास नको, इथला सुतार तेवढ्याच उंचीचा बनवून देतो म्हणालाय. रविवारच्या आत सांगा.

तुमची,
ताई