अनामिक कोडेफोड्यांचे आभार

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून पर्यायी वास्तवाच्या खेळातली (म्हणजे खऱ्या जगात, फोटो-आवाजांत लपवलेल्या खुणा शोधायच्या खेळातली) कोडी फोडणाऱ्या, नावही न सांगणाऱ्या कोल्हापूरकरांनो, मनापासून आभार.

"फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा," हे तुम्ही न कंटाळता सांगत राहिलात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबून लहान केला जातो. एक्झिफ माहिती (फोटो कधी, कुठे काढला याची फाइलमधली नोंद) जाते, पिक्सेलमध्ये लपवलेला मजकूरही जातो. आवाजाचंही तेच. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडला तरी 128 केबीपीएसच्या, म्हणजे दाबलेल्या, एमपी3मध्ये साधारण 16,000 हर्ट्झच्या वरचं चित्र कापलेलं असतं. मूळ, न दाबलेली वेव्ह फाइलच हवी.

सगळ्यात मोलाची मदत देवनागरीची. 'श्री' डोळ्याला एकच अक्षर, पण युनिकोडमध्ये चार चिन्हं: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. अक्षरं सरकवायच्या कोड्यात मोजणी चुकते ती इथेच. 16.70, 74.24 हे अक्षांश-रेखांशाचे आकडे उलटे टाकले तर कोल्हापूरऐवजी नॉर्वेच्या उत्तरेचा समुद्र उघडतो, तेही तुम्हीच दाखवलंत. 2004 च्या 'आय लव्ह बीज' या अशाच खेळामध्ये अशाच आकड्यांवरून खेळाडू सार्वजनिक फोनपर्यंत पोहोचले होते.

कोडं उलगडायची कुठली किल्ली लागली नाही आणि का, हेही तुम्ही तारखेसकट लिहून ठेवलंत. त्यासाठी आणखी एकदा आभार.