ईसीजीच्या तारा न काढणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा पुण्याच्या डॉक्टरांनी आमच्या थोरलीला पळायची परवानगी दिली. "आता सोडा हिला मैदानावर," एवढंच म्हणाले. मला तिथेच रडू कोसळलं. त्या रडण्यात आनंद होता, राग होता आणि सगळ्यात जास्त तुमची आठवण होती. तुमचं नाव इथे लिहीत नाही. निघताना मी तुमचे हात धरले तेव्हा "अहो, माझं कामच आहे हे," म्हणून तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारली होती. पण चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आम्ही माण तालुक्यातले. मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल पळल्या, तेव्हा थोरली लहान होती. टीव्हीसमोर बसून तिने ती शर्यत पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत पळतच जायला लागली. पुढे ती ८०० मीटरला आली. आमच्याकडे ८०० म्हटलं की लोक पोलीस भरती धरून चालतात, कारण भरतीत मुलींना तेवढंच अंतर असतं. हिला मात्र मेडलच हवं होतं.

दहावीनंतर तो त्रास सुरू झाला. दुसऱ्या राउंडच्या शेवटच्या वळणावर छातीत कळ यायची. आधी दोन-चार ठोके चुकल्यागत व्हायचे आणि मग एकदम धडधड सुरू. टी-शर्टवरून दिसायची, इतकी. कधी दोन मिनिटं, कधी चांगली दहा, आणि आली तशी गपकन थांबायची. पुढेपुढे तर नुसती अभ्यासाला बसलेली असताना व्हायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. नाडी ठीक, बीपी ठीक, आणि आम्ही दोघी डॉक्टरांसमोर खोट्या पडायचो.

एकांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, मलाच विचारलं, "अभ्यासाचं टेन्शन घेते का?" तिसरे मोठ्या नावाचे. त्यांच्याकडे ईसीजी निघाला. दहा सेकंदांचा कागद बाहेर आला, यंत्रावरच्या मुलाने तारा ओढून काढल्या, आणि साहेब कागदावरून नजर फिरवून म्हणाले, "हार्ट ठणठणीत आहे. या वयात मुलींना लक्ष हवं असतं." ताई, पोरगी समोर बसली होती. सोळा वर्षांची. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. कागदावर काही आलं नसेल, मान्य आहे. पण "मला यात काही सापडत नाही, पुढे दाखवा," असं म्हणायला काय हरकत होती? तेवढं बोलले असते तरी मी त्यांच्या पाया पडले असते. मैदानावर एक मार्गदर्शक सगळ्यांदेखत म्हणाले, "दम नसेल तर नाटकं कशाला?" त्यानंतर थोरलीने सांगणंच बंद केलं. दुखलं तरी बूट बांधायची आणि पळायची. आज त्या दिवसांचा विचार आला की अंगावर काटा येतो.

मग एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही साताऱ्याला सिव्हिलला आलो आणि तुमच्या खोलीत पोचलो.

तुम्ही आधी दाराला कडी लावलीत. आतला वॉर्डबॉय बाहेर गेला याची खात्री केलीत. थोरली कुर्त्याच्या बटणाशी हात नेऊन अवघडून उभी होती, तर तुम्ही म्हणालात, "ओढणी राहू दे अंगावर. मी खालून लावते." जेली लावताना "गार लागेल हं" असं आधी सांगितलंत. छातीवर ते रबरी फुगे लावता लावता विचारलंत, "काय पळतेस?" ती म्हणाली, "आठशे." "म्हणजे दुसरा राउंड जीव काढत असेल." थोरली हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती. कुणीतरी तिला तिच्या पळण्याबद्दल विचारलं होतं.

पहिला कागद नॉर्मलच आला. मी पिशवी उचलली. बाहेर रांग होती, दारावर थापा पडत होत्या. तुम्ही मला हातानेच थांबवलंत आणि तिला विचारलंत, "तुला नेमकं काय होतं ते तू सांग. आईला नको विचारायला." ती सांगत गेली, तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणालात, "मग अशीच पडून राहा. तारा काढत नाही मी. कागद माझा जातोय, तुझं काही जात नाही."

आणि तुम्ही त्या लोखंडी स्टुलावर बसलात. तिच्या मनगटावर बोटं ठेवून. कुणी बाहेरून ओरडलं तेव्हा आवाज न चढवता "पाच मिनिटं थांबा" म्हणालात. दर थोड्या वेळाने यंत्र चालू करून कागद सोडायचा, बघायचा, पुन्हा वाट बघायची. मध्येच एका पट्टीवर तुम्ही पेनाने दोन-तीन ठोक्यांभोवती गोल केलेत, बोलला काहीच नाहीत. मग थोरली एकदम म्हणाली, "आई, आलं." कागद सरसर बाहेर पडायला लागला, त्यावर रेघांची नुसती दाटी. दार उघडून तुम्ही डॉक्टरांना बोलवायला माणूस पळवलात. तेवढ्या घाईतही, डॉक्टर यायच्या आधी, तुम्ही तो कागद तिच्या डोळ्यांसमोर धरलात आणि म्हणालात, "हे बघ, आलं कागदावर. खरं होतं गं तुझं."

ताई, औषधपाणी सगळ्यांनी केलं. त्याचे आभार त्या त्या माणसांचे मानलेच आहेत. पण माझी पोर बरी व्हायला लागली ती या वाक्यापासून. तो कागद तुम्ही आधी तिला दाखवलात, डॉक्टरांना नंतर.

आजाराचं नाव वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट. १९३० साली ज्या तिघा डॉक्टरांनी त्याचं वर्णन लिहिलं त्यांची ही नावं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश उतरायला एकच वाट असते आणि त्या वाटेवर तो क्षणभर अडतो. हिच्यात जन्मापासून आणखी एक चोरवाट होती, तिथे अडवणारं कुणी नाही. त्या वाटेने आलेला ठोका कागदावर लवकर आणि तिरका चढायला लागतो. तुम्ही गोल केलेले ठोके तेच होते. हिची चोरवाट कधी उघडी, कधी बंद, म्हणून दहा सेकंदांत सापडत नव्हती. हजारात एक ते तीन जणांच्या ईसीजीत ही खूण असते म्हणे, आणि कित्येकांना जन्मभर त्रासही होत नाही. पण वरच्या कप्प्यांची बेताल थरथर कधी त्या वाटेने खाली उतरली तर जिवावर बेतू शकतं. पुढचं लांबण लावत नाही. पुण्याला मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळून टाकली.

आता या विषयावर हाताला लागेल ते मी वाचते. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २००३ साली फ्रान्समध्ये सामना चालू असताना कोसळला, तो गेला. डेन्मार्कचा एरिक्सन १२ जून २०२१ला कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला, तो वाचला, कारण छाती दाबणारे हात आणि शॉक देणारं यंत्र तिथल्या तिथे होतं. त्यांचं दुखणं आणि हिचं दुखणं एक नव्हे, हे मला कळतं. पण एरिक्सनवर उपचार चालू होते तेव्हा कर्णधार सिमोन केअरने सगळ्या खेळाडूंचं कडं करून त्याला लोकांच्या नजरेआड ठेवलं. ते पाहताना मला तुम्ही अंगावर राहू दिलेली ती ओढणीच आठवली. दुखणाऱ्या माणसाची लाज राखायची हे काही पुस्तकात शिकून येत नसावं. तुमच्याकडे ते होतं. पुण्याच्या वॉर्डात रात्री स्वतःची चादर माझ्या अंगावर टाकून गेलेल्या मावशींकडेही होतं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

एक गोष्ट मात्र डाचते. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला ईसीजीसकट तपासणी करून घ्यावीच लागते. आमची पोरगी तालुका, जिल्हा, विभाग खेळून आली. जन्माचा दाखला पाहिला, आधार कार्ड पाहिलं, शाळेचा शिक्का पाहिला. छाती कुणीच पाहिली नाही. हे पत्र कुणा आईबापाच्या वाचनात आलं तर त्यांना हात जोडून सांगते, पळताना छातीत दुखतंय, ठोके चुकतात, चक्कर येते असं लेकरू म्हणालं तर एका नॉर्मल कागदावर घरी येऊ नका. त्रास चालू असताना ईसीजी निघेल असं बघा. चोवीस तास अंगावर लावायचं होल्टर यंत्र असतं, त्याबद्दल विचारा. "लक्ष हवं असतं" असं कुणी म्हणालं तर उठा आणि दुसरा डॉक्टर गाठा.

थोरली कालपासून हळूहळू पळते आहे. वेळ लावायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून घड्याळ माझ्याकडे असतं आणि ती माझ्यावर चिडते. पुढच्या मोसमात जिल्हा स्पर्धेला उतरायचं म्हणते. स्पर्धा साताऱ्याला शाहू स्टेडियमवर असली तर आदल्या दिवशी तुमच्याकडे येऊ, बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन. तुमची ड्यूटी सकाळची असते की दुपारची, तेवढं कळवा.

तुमची,
थोरलीची आई