उतारावर उभा असलेला बंब: पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती

विषय : नगरपरिषदेच्या मुदत संपलेल्या अग्निशमन वाहनाच्या जागी नवीन वाहन मिळणेबाबत.

साहेब, सप्रेम नमस्कार.

विषय ऑफिसच्या भाषेत लिहिला, कारण तसा नसला तर आवक-जावकच्या टेबलावरच पत्र अडतं. पुढचं माझ्या भाषेत लिहितो. मी वऱ्हाडातल्या एका नगरपरिषदेत चालक-यंत्रचालक होतो. म्हणजे बंब चालवायचा आणि आगीवर पोचल्यावर त्याचा पंपही आपणच सांभाळायचा. जून 2024 ला निवृत्त झालो. गावाचं नाव इथे देत नाही, नाहीतर उद्या सकाळपासून मुख्याधिकारी साहेबांचा फोन वाजत राहील आणि त्या बिचाऱ्यांची यात चूक नाही. ते येण्याच्या आधीपासून हा विषय फाइलमध्ये आहे.

बाहेर पाऊस लागलेला असताना हा माणूस आगीचं काय घेऊन बसला, असं वाटेल. पण बंबाचा विषय पावसाळ्यातच काढायचा असतो. आधी ट्रकची चेसिस घ्यावी लागते, मग ती टाकी-पंप बसवणाऱ्याकडे जाते, मग तपासणी, नोंदणी, विमा. याला महिने लागतात. मार्च एंडिंगला निधी खर्ची पडला तर गाडी पुढच्या दिवाळीच्या सुमारास दारात येते आणि मधला उन्हाळा तसाच जातो. आमच्याकडे आगीचं वर्ष गुढीपाडव्याच्या आसपास सुरू होतं, आर्थिक वर्षाशी त्याचा मेळ नाही.

आमचा बंब 2008 चा. साडेचार हजार लिटरची लोखंडी टाकी, गाडीच्याच इंजिनावर चालणारा पंप. बंबाची टाकी कायम भरलेली ठेवावी लागते, त्यामुळे ती आतून गंजत जाते. शेवटची काही वर्षं आम्ही तिला तीन-चार ठिकाणी वेल्डिंग केलं, तरी सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी बोटभर उतरलेली असायची. पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळायचं. बॅटरी बसलेली, त्यामुळे स्टेशनच्या आवारात जिथे उतार आहे तिथेच गाडी उभी करायची पद्धत पडली. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की चौघांनी ढकलायचं, मी क्लच सोडायचा. नवीन लागलेल्या कंत्राटी पोरांना मी होज जोडायच्या आधी ढकलायचं शिकवलं. हसण्यावारी नेलं ते सगळं. आता लिहिताना हसू येत नाही.

मग 2023 साल आलं. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून संपते आणि ती गाडी भंगारात काढायची, असा केंद्राचा नियम लागू झाला. देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या खास वाहनांना त्यात सूट आहे. बंबाचं नाव त्यात नाही. मी नियमाला वाईट म्हणत नाही. आमची गाडी खरंच थकली होती आणि नियम नसता तर ती अजून पाच वर्षं ओढली असती. माझी तक्रार एवढीच की जुनी कधी बंद करायची याची तारीख ठरली, नवी कधी येणार याची कोणी ठरवली नाही.

यापुढचं म्हणजे कबुलीजबाब समजा. नोंदणी संपल्यावरही मी ती गाडी वर्दीवर नेली. एकदा नाही, पुष्कळदा. गाडी काढू नका, असं तोंडी सांगितलं होतं. लेखी कोणी दिलं नाही, आणि काढा असंही कोणी लिहून दिलं नाही. विमा नाही, नोंदणी नाही, मागे चार पोरं बसलेली. रस्त्यात कोणाला धक्का लागला असता तर माझी पेन्शन त्यात गेली असती. पण समोरून बाई फोनवर रडत असते तेव्हा तिला कोणतं कलम सांगायचं?

एप्रिल 2024 मधली एक वर्दी सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात शेताचे धुरे, म्हणजे बांध, पेटवतात. काडीकचरा जळावा, पुढच्या पेरणीला शेत साफ मिळावं म्हणून. दुपारचं वारं फिरलं की आग धुरा सोडते. त्या दिवशी ती कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, गंजीला लागली आणि गंजीला लागून गोठा होता. वर्दी दुपारी 1 वाजून 40 मिनिटांनी आली. गाडी चालू व्हायला बारा मिनिटं गेली. गाव नऊ किलोमीटर, त्यात शेवटचे दोन पांदणीचे. पोचलो तेव्हा 2 वाजून 20 मिनिटं झाली होती. शेतकऱ्याने एका बैलाचं दावं कापलं होतं, दुसऱ्यापर्यंत त्याला जाता आलं नाही. स्प्रिंकलरचे पाइप वितळून एकमेकांना चिकटले होते. आम्ही पाणी मारायला लागलो तर त्याचा म्हातारा बाप म्हणाला, "आता काय राख ओली करून रायले काय भाऊ?" शेजारच्या तालुक्याचा बंब 38 किलोमीटरवरून निघाला होता, तो आला तेव्हा 3 वाजून गेले होते. ग्रामीण भागात बंबाने वीस मिनिटांत पोचावं असा निकष सांगतात. आम्ही तर जवळचे होतो, तरी चाळीस लागली. आता जवळचं कोणीच नाही. 38 किलोमीटरवालेच.

यातली महत्त्वाची गोष्ट आपल्यासारख्यांच्या लक्षात यावी म्हणून हे सगळं लिहिलं: ते शेत नगरपरिषदेच्या हद्दीत नव्हतं. आमचं वर्दीचं रजिस्टर उघडून पाहा. निम्म्याहून जास्त वर्द्या हद्दीबाहेरच्या सापडतील. ग्रामपंचायतींकडे बंब नाही, त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. त्यामुळे पंचक्रोशीत कुठेही धूर दिसला की फोन आम्हाला. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे; पण ते तिच्या शहरापुरतं. लोकसंख्येचे निकष लावतानाही शहरच मोजतात, पन्नास हजारांमागे एक बंब असा हिशेब. आमच्या शहराची लोकसंख्या तेवढीही भरत नाही, म्हणून एका बंबाचीही घाई कोणाला वाटत नाही. भोवतालची गावं त्यात धरा, मग बोलू. हद्दीबाहेरच्या वर्दीचे पैसे घ्यायचा ठरावही आहे नगरपरिषदेत. जळालेल्या माणसाच्या अंगणात डिझेलचा हिशेब घेऊन उभं राहायला मी कधी गेलो नाही, हीही कबुलीच.

म्हणून हा अर्ज नगरपरिषदेच्या सभेकडे न करता आपल्याकडे करतो आहे. गाडी नगरपरिषदेच्या नावावर राहील, पण ती धावते जिल्ह्यासाठी. जिल्हा वार्षिक योजनेतून तिचे पैसे द्यायला यापेक्षा सरळ कारण नसेल. साधा, साडेचार हजार लिटरचा बंब अर्ध्या कोटीच्या आगेमागे बसतो. नगरपरिषदेला तेवढं एकदम उचलणं जमत नाही, कारण पगार आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल भरता भरता तिची दमछाक होते. मी आजही घरपट्टी भरतो आणि पावतीवर अग्निशमन कराची ओळ असते. रक्कम चहापाण्याएवढी आहे, पण ती ओळ वाचून दर वर्षी जरा खटकतं.

केंद्रानेही राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी जुलै 2023 मध्ये 5,000 कोटींची योजना आणली होती, 2025-26 पर्यंतची, राज्याचा वाटा पंचवीस टक्के. त्या काळात आमच्याकडून माहिती मागवली गेली. किती गाड्या, किती जुन्या, किती माणसं, हे तक्ते मीच भरून दिले. "वाहनाची सद्यस्थिती" या रकान्यात काय लिहावं हे कळेना. "उतारावर" असं लिहावंसं वाटलं होतं, "नादुरुस्त" लिहिलं.

आता दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने, सुरू होतील. साहेब, कापसाची आग आपण जवळून पाहिली आहे की नाही ठाऊक नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. पाणी मारलं की ते पाझरत नाही, वरून ओघळून जातं. वरचा जाळ विझलेला दिसतो, फोटो निघतात, लोक घरी जातात आणि ढिगाच्या पोटात आग धुमसत राहते. मध्यरात्री पुन्हा वर येते. म्हणून जेसीबी लावून ढीग फोडायचा, पसरायचा, भिजवायचा, पुन्हा फोडायचा. एक रात्र, कधी दोन. एक नोझल मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर पाणी फेकतो, म्हणजे आमची भरलेली टाकी दहा मिनिटांची. त्यानंतर गाडी पाणी आणायला जाते आणि तेवढा वेळ आगीला मोकळं रान. जिथे एक बंब आहे तिथे त्या रात्री खरं तर अर्धाच असतो.

पाणी आणायचं कुठून, हा आणखी वेगळा विषय. बंबाचा पंप सक्शनने सात मीटरच्या खालचं पाणी ओढू शकत नाही. कंपनी कोणतीही घ्या, हवेचा दाबच तेवढा. मे महिन्यात आमच्या विहिरींचं पाणी त्याच्या पार खाली गेलेलं असतं. शेतकऱ्याच्या मोटारीवर भरावं तर त्या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्रीची असते आणि आग दुपारची. आम्ही शेवटी पिण्याच्या पाण्याच्या टँकरवाल्यांशी आणि ट्रॅक्टरवाल्यांशी सलगी करून ठेवली होती. एका मालकाने कधी पैसे मागितले नाहीत. त्याचं नाव लिहिलं तर त्याला आवडणार नाही.

म्हणून मागताना थोडं नीट मागतो. मोठी, बहुउद्देशीय, बटणाबटणांची गाडी नको. अशी गाडी बिघडली की मेकॅनिक बाहेरून बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत ती शोभेला उभी राहते. साध्या ट्रकच्या चेसिसवरची गाडी द्या, जिचे पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतात. टाकी स्टेनलेस स्टीलची असू द्या. सोबत विहिरीत सोडता येईल असा एक पंप आणि त्याला पुरेल असं जनरेटर. फोमचे काही ड्रम, कारण नुसत्या पाण्याने कापूस भिजत नाही. छोटी, गल्लीत शिरणारी गाडी द्यायचा विचार कोणाच्या मनात असेल तर ती जुन्या बाजारपेठेला बरी, पण मोठ्या बंबाच्या जागी ती चालणार नाही. जिनिंगच्या आगीवर तिची टाकी म्हणजे आचमन.

आणि माणसं. मी निवृत्त झालो, माझी जागा भरलेली नाही. पोरं एजन्सीमार्फत आहेत, पगार दोन-दोन महिने लांबतो, दोघांकडे बूटही स्वतःचेच आहेत. मुंबईत कलिनाला राज्याचं अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकून आलेला एक पोरगा आमच्याकडे होता, तो महापालिकेत लागून गेला. मी असतो तरी गेलो असतो. गाडीच्या प्रस्तावातच दोन चालकांची पदं आणि वर्षाच्या देखभालीची रक्कम धरली नाही तर नवा बंबही चार-पाच वर्षांत त्याच उतारावर येऊन उभा राहील. मग हे पत्र तारीख बदलून पुन्हा पाठवता येईल.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी 2021 मध्ये दहा बाळं गेली, तेव्हा राज्यभर फायर ऑडिटचा हुकूम निघाला. नगरच्या रुग्णालयात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अकरा रुग्ण गेले, पुन्हा ऑडिट. आमच्या ग्रामीण रुग्णालयाचंही झालं. अहवालात अग्निशमन केंद्र जवळ असल्याची नोंद आहे. ती खरी आहे. केंद्र सातशे मीटरवर आहे.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढीच विनंती. त्याआधी या बाजूला दौरा झाला तर पाच मिनिटं स्टेशनवर यावं. गाडी अजून भंगारात गेलेली नाही, लिलावाचा कागद कुठेतरी अडकला आहे. किल्ली कार्यालयात असते. चालू करून पाहायची असेल तर ढकलायला चौघं लागतील, तेवढी मी बोलावून ठेवतो.

आपला,
निवृत्त चालक-यंत्रचालक, अग्निशमन विभाग

प्रत : मा. जिल्हाधिकारी, मुख्याधिकारी, नगरपरिषद