मंत्रीसाहेब, ऊन आमच्याकडे भरपूर आहे, मायक्रोस्कोप नाहीये

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट. अर्ज खूप लिहिले, असं उघड पत्र पहिल्यांदाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काही पदार्थांचे क्रिस्टल नुसता उजेड पडला की वाकतात. मोटर नाही, वायर नाही. जपानच्या मासाहिरो इरिए यांच्या टीमने 2007 मध्ये डायअरिलइथीन नावाच्या पदार्थाचा एक बारीकसा चौकोनी क्रिस्टल दाखवला, त्यावर यूव्ही (अतिनील) उजेड मारला की त्याची चक्क काजूकतली होते आणि साधा उजेड दिला की परत चौकोन, आणि असले क्रिस्टल हलायला वेळ किती तर साधारण 25 मायक्रोसेकंद! वाकतात कसे ते आमच्या पोरांना मी आंब्याच्या साठावरून, म्हणजे आंबापोळीवरून, सांगतो. साठ उन्हात घातलं की वरची बाजू आधी आखडते, खालची ओलीच असते, म्हणून कडा वर येतात ना, तसंच. पातळ सुईसारख्या क्रिस्टलमध्ये उजेड वरच्या थरातच अडकतो, तिथले रेणू आकार बदलतात, खालचे जसेच्या तसे, मग सुई वाकेल नाहीतर काय करेल. साठ मात्र परत सरळ होत नाही बिचारं.

आता तुम्ही म्हणाल हे जपानचं, कोकणात काय. तर साहेब, दालचिनी आमच्या परसात आहे. दालचिनीच्या तेलाची बाटली जुनी झाली की हवा लागून त्यातल्या सिनॅमाल्डिहाइडचं हळूहळू सिनॅमिक ॲसिड बनतं, आणि हे ॲसिड याच उजेडवाल्या खानदानातलं. क्रिस्टलमध्ये शेजारचे दोन रेणू नीट समोरासमोर बसलेले असले तर उन्हात ते एकमेकांना जोडले जातात. का आणि कधी, ते इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या श्मिट या केमिस्टनी 1964 मध्येच सांगून ठेवलंय. आम्ही डिसेंबरात गच्चीवर काचेच्या बशीत या ॲसिडची पूड पसरली (कावळ्यांपासून राखायला दोन पोरं बसवली होती), रोज हलवली, महिन्याभराने टोल्युइन या द्रावकाने धुतली. सिनॅमिक ॲसिड धुऊन गेलं, मागे पांढरी पूड राहिली. मूळ ॲसिड 133 अंशाला वितळतं, ही 200 ला पण वितळेना, पुढे ज्यात तापवत होतो त्या पॅराफिन तेलानेच मान टाकली. म्हणजे पदार्थच बदलला होता. टीवायची एक मुलगी म्हणाली, सर, मोठ्या क्रिस्टलला तडे जातायत, बघूया ना कसे जातात.

बघायचं कशाने?

त्यासाठी पोलरायझिंग मायक्रोस्कोप लागतो, म्हणजे ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) उजेडात क्रिस्टल दाखवणारा. आमची मागणी वर गेली आणि उत्तर आलं की असलं काम आयआयटीवाल्यांचं, तुम्ही सिलॅबस पूर्ण करा. कोणी लिहिलं ते सांगत नाही, माणूस वाईट नसेल, पण हे वाचून पोरीचं तोंड एवढंसं झालं ते मी बघितलंय. यूव्ही टॉर्च आम्ही वर्गणी काढून काही शे रुपयांत घेतली, मायक्रोस्कोप वर्गणीत बसत नाही.

म्हणून मागणं एवढंच. प्रत्येक कॉलेजाला नको, सिंधुदुर्गात दोन आणि रत्नागिरीत दोन मायक्रोस्कोप द्या, कॅमेऱ्यासकट, आणि आजूबाजूच्या कॉलेजांना पाळीपाळीने वापरता येतील असा जीआर काढा. दुरुस्तीचे पैसे त्यातच धरा, कारण खाऱ्या हवेत लेन्सला बुरशी दोन पावसाळ्यांत धरते आणि मग ते यंत्र कपाटात जातं ते कायमचं. आणि पाठवायचेच असतील तर दिवाळीपर्यंत पाठवा, जूनमध्ये आले तर चार महिने ऊनच नसतं.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक लॅब असिस्टंट