जाताना बरोबर नेता येईल अशी सजावट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नव्या घरात सामान लागलं, मुलांची शाळा जवळ आली, हे वाचून फार बरं वाटलं. पण तुझ्या पत्रातली एक ओळ काही केल्या डोक्यातून जाईना. ‘घर भाड्याचं, भिंतींना हात लावायचा नाही असं करारातच आहे, तेव्हा दोन-तीन वर्षं आहे तसंच राहू.’ अरे, तुझी धाकटी पाच वर्षांची आहे. तिच्यासाठी ही दोन-तीन वर्षं केवढी मोठी! मुलांचं बालपण आपण स्वतःचं घर घेईपर्यंत थांबून राहत नाही. म्हणून हे घर आत्ताच आपलंसं करून घे. भिंती घरमालकाच्या आहेत, मान्य. उजेड, कापड आणि जमिनीवर उभं राहणारं सगळं मात्र तुमचं आहे, आणि खोली बदलते ती मुख्यतः या तिघांनीच.

हात घालण्याआधी एक काम कर. रिकाम्या कोपऱ्यांचे, भिंतींवरच्या जुन्या डागांचे, फुटक्या टाइलचे फोटो काढून तारखेसह घरमालकांना पाठवून दे. घर सोडताना अनामत रकमेवरून वाद झाला तर तेवढेच उपयोगी पडतात.

सुरुवात दिव्यांपासून कर. आपण सगळे छताला एक पांढराफटक दिवा लावतो आणि मग खोली ओकीबोकी का वाटते म्हणून कोड्यात पडतो. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा उजेड, २७०० म्हणजे पिवळसर उबदार. बैठकीच्या खोलीत २७०० चे दोन दिवे खाली आण, एक उभा आणि एक टेबलावरचा. संध्याकाळी छताचा दिवा बंद करून फक्त तेच लावून बघ, भिंतीचा रंगसुद्धा वेगळा दिसेल. अभ्यासाच्या टेबलावर मात्र पांढरा उजेडच असू दे. काढलेले मूळ बल्ब, हँडल, पडद्याचे हूक एका पिशवीत घालून वर चिठ्ठी लाव. जाताना तेच परत बसवायचे.

आता भिंती. पहिल्यांदा तळहात भिंतीवरून दाबून फिरव आणि बघ. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर. तिथे चिकटवायच्या फंदात पडूच नकोस. चिकटपट्टी भिंतीला धरतच नाही, ती त्या भुकटीच्या थराला धरते आणि पोपड्यासकट खाली येते. हात कोरडा आणि स्वच्छ राहिला, भिंत गुळगुळीत असली, तर ओढून काढायच्या चिकटपट्ट्या चालतात. साबणाच्या पाण्यानं पुसू नकोस, त्याचा पातळ थर मागे राहतो. स्पिरिटनं पूस, वाळू दे, पट्टी अर्धा मिनिट दाबून धर आणि तासाभरानंच चित्र टांग. नवा रंग दिलेला असेल तर आठवडाभर थांब. काढताना खरी कसोटी असते. पट्टीचं शेपूट स्वतःकडे ओढलंस तर रंग निघणारच. ते भिंतीला लागून सरळ खाली, हळूहळू ओढत जायचं; पट्टी रबरासारखी लांबत जाते आणि सुटते. पलंगाच्या डोक्याशी मात्र या पट्ट्यांवर काही टांगू नकोस.

आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेले खिळे असतीलच, ते आधी मोजून घे. एकाच भिंतीवर सारख्या उंचीला दोन मिळाले तर त्यांवर एक हलकी काठी आडवी बांध आणि तिच्यावरून दोरीनं चित्रं, मुलांचे कागद सोड. दर महिन्याला बदलता येतं आणि नवं एकही भोक पडत नाही. हे मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात मुलांचा हात लागतो. काय लावायचं, काय उतरवायचं हे त्यांनाच ठरवू दे.

खिडकी भिंतीच्या आत बसलेली असेल तर दोन बाजूंना ताणून बसणारा स्प्रिंगचा दांडा घे. जाड पडद्यांच्या वजनानं तो सरकतो, म्हणून कापड हलकं निवड, पण रुंदीला कंजुषी नको. खिडकीच्या दीडपट ते दुप्पट असलं की चुण्या भरगच्च पडतात. आणि वहिनींना सांग, शिवताना खालची दुमड वीतभर ठेवा. पुढच्या घराची खिडकी उंच निघाली तर तेवढीच उसवून पडदा लांब करता येईल. रस्त्यावरून आत दिसत असेल तर काचेवर पाण्यानं बसणारी, गोंद नसलेली धुरकट फिल्म लाव. सोलली की काच पहिल्यासारखी.

फरशी आवडत नाही म्हणालास. मोठा गालिचा अंथर, पण खाली व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची फरशी असेल तर रबरी पाठीचा घेऊ नकोस. रबरातून उतरणारा पिवळा डाग व्हिनाइलमध्ये मुरतो आणि घासून जात नाही. टेबल-खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड मऊ कापडाच्या चकत्या लावल्या की ओरखड्यांची काळजी मिटली.

एका बाबतीत मात्र भोक पाडायचं म्हणजे पाडायचंच. उंच कपाट, पुस्तकांचं शेल्फ, ड्रॉवरचं कपाट यांवर मुलं चढतात आणि ती अंगावर कलंडतात. घरमालकांना लिहून विचार, लेखी होकार घे आणि वरून पट्टीनं भिंतीला बांधून टाक. स्क्रूचं भोक जाताना पुट्टीनं बुजवता येतं. परवानगी नाहीच मिळाली तर उंच कपाट घेऊच नकोस. बुटकी घे आणि जड वस्तू तळाशी ठेव.

लेखी विचारण्यावरून आठवलं, रंगाबद्दलही विचारून बघ. जाताना मूळ रंग परत देऊन जाईन असं कबूल केलंस तर पुष्कळ घरमालक एका भिंतीला होकार देतात. नाही म्हणाले तरी बिघडत नाही, कपाटांच्या दारांवर काढता येणारा चिकट कागद लाव. एखाद्या कोपऱ्यात आधी थोडा लावून काढून बघायचा. पुढे काढताना केस वाळवायच्या यंत्रानं गरम केला की गोंद सैल होतो.

मुलांच्या खोलीचं सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन. त्याआधी खिडक्यांची आतली मापं आणि बैठकीच्या खोलीचे दिवसाचे, रात्रीचे असे फोटो पाठव. आणि तळहात फिरवल्यावर भिंतीचं काय निघालं तेही कळव, पुढचं सगळं त्यावरच ठरेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र